वजनापुरते मामा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा दुमडत नसल्याने तो मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे, कानातलं यंत्र नवीन घेतलंत की जुनंच दर आठवड्याला उघडून बसता, आणि माळ्यावरच्या तुमच्या तारांवरचा मामींचा राग उतरला का, हे सविस्तर कळवावं. आमच्याकडे सर्व ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांची नजर दिवसेंदिवस बिघडत चालली आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही. अडीच वर्षांत माझं पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रोज लिहायला बसत होतो असं म्हणणार होतो, पण तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, तेव्हा ते राहू द्या.

तुम्ही मंडळातून उठून गेलात ती सभा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. दातांच्या दवाखान्याची बाहेरची खोली, भिंतीवर किडलेल्या दाढेचं रंगीत चित्र आणि त्याखाली आपल्या हौशी रेडिओ मंडळाचे अध्यक्ष. (दंतवैद्य असल्यामुळे समोरच्याचं तोंड सताड उघडं असतानाही त्याला बोलू न देण्याची कला त्यांना साधली आहे.) मंडळाच्या छोट्या उपग्रहाला कुणाच्या तरी मोठ्या रॉकेटच्या कोपऱ्यात जागा मिळाली होती, आणि तुम्ही चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला शोभेल असा आराखडा आणला होता. उपग्रहाला एक कान आणि एक तोंड. खालून जे ऐकू येईल ते दुसऱ्या लहरीवर जसंच्या तसं खाली सांगायचं, म्हणजे हातभर अँटेना घेऊन गच्चीवर उभा असलेला माणूस दोन हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलेल. डोकं अजिबात नको. लिफ्टला वर आणि खाली एवढंच कळावं, तिसरं काही कळायला लागलं की ती मधेच अडकते, असं तुम्ही म्हणालात. त्यावर मंडळाचा संगणकवाला म्हणाला की बिनडोक उपग्रह पाठवला तर जग हसेल. मग डोकं आलं. डोक्याला काम हवं म्हणून कॅमेरा आला. कॅमेऱ्याची चित्रं साठवायला कोठार, कोठार थंड ठेवायला पत्रा, पत्र्याचं तापमान मोजायला सहा मापकं, आणि शेवटी अध्यक्षांच्या आवाजात अखिल मानवजातीला शुभेच्छा. मतदान झालं. नऊ हात वर गेले, त्यात एक माझा होता. (खांदा आखडला होता, तो मोकळा करत होतो, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.) आठवड्याने तुम्ही दुकानात आलात, त्याच आराखड्यावरून तयार केलेला तुमचा सर्किट बोर्ड काउंटरवर ठेवलात, "कागद उडतील त्यावर ठेव" म्हणालात आणि चहा न घेता गेलात.

पुढे काय झालं ते तुमच्या कानावर आलं नसेल, कारण त्यानंतर तुम्ही आमच्याकडे कान केलाच नाहीत. डोक्याला वीज पुरेना. म्हणून अध्यक्षांच्या शुभेच्छा अर्ध्या केल्या. (मानवजातीचा कोणता अर्धा भाग गाळावा यावर दोन सभा झाल्या.) मग मापकं सहाची दोन झाली, कोठार गेलं, आणि कोठार नसेल तर चित्रं ठेवायची कुठे म्हणून शेवटच्या आठवड्यात कॅमेराही गेला. त्याच्यासाठी लावलेल्या दोन अँटेना मात्र बाहेर तशाच लोंबत राहिल्या. आता पंचाईत अशी की रॉकेटवाल्यांना पेटीचं वजन कॅमेऱ्यासकट लिहून दिलं होतं, आणि ती मंडळी ग्रॅमचाही फरक चालवून घेत नाहीत. एकशे बेचाळीस ग्रॅम कमी पडत होते. अध्यक्ष मला म्हणाले, तुमच्या दुकानात बारीकसारीक बरंच असतं, घाला काहीतरी. मी चष्म्याच्या काचा तोलून पाहिल्या, पितळी बिजागऱ्या पाहिल्या आणि शेवटी बिलांवर ठेवलेला तुमचा बोर्ड उचलून काट्यावर ठेवला. बरोबर एकशे बेचाळीस. चार स्क्रूंनी बसवला. आणि मामा, हाताला लागलेली सवय जात नाही. तार उघडी सोडू नये, मोकळ्या टोकाला काहीतरी जोडावं, हे तुम्हीच शिकवलेलं. त्याच्या दोन तारा बॅटरीला लावल्या, रिकाम्या दोन अँटेना त्याला जोडल्या, आणि कागदावर लिहिलं: भार, निर्जीव.

रॉकेट गेलं. पहिल्या फेरीला संध्याकाळी आम्ही सगळे दवाखान्याच्या गच्चीवर जमलो. संगणकवाल्याने तीन पडदे मांडले होते. उपग्रह डोक्यावरून गेला आणि आमच्या डोक्याने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या आठवड्यातही नाही. संगणकवाला म्हणे, ते विचार करतंय. मग एक दिवस कुठल्याशा मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याचं पत्र आलं, की तुमचा उपग्रह फार गुणी आहे, मी स्टीलच्या मोजपट्टीची अँटेना करून त्यावरून रोज घरच्या गावातल्या मित्राशी बोलतो, इतकं साधं यंत्र बांधणाऱ्याचं अभिनंदन. अध्यक्षांनी ते पत्र सभेत वाचून दाखवलं (साधं हा शब्द वगळून) आणि उपग्रह टप्प्याटप्प्याने कार्यान्वित होत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. डोकं केव्हाच मेलंय आणि वर बोलतोय तो वजनापुरता घातलेला मामांचा बोर्ड, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो.

आता त्यावरून लोक कसे बोलतात तेही ऐका. उपग्रह जेमतेम अकरा मिनिटं डोक्यावर असतो. एवढ्या वेळात अर्ध्या खंडाला बोलायचं असतं, आणि सगळे मिळून एकच गोष्ट बोलतात: तुम्ही मला ऐकू येता, मी तुम्हाला ऐकू येतो का? तो हो म्हणतो, हा धन्यवाद म्हणतो, वहीत नोंद होते, आणि दोघंही आयुष्यभराचं बोलून झाल्यासारखे बाजूला होतात. आमचे अध्यक्ष तेवढंही होऊ देत नाहीत. त्यांनी मोठ्ठा अॅम्प्लिफायर घेतलाय. तुमचा बोर्ड गरीब, जो जोरात बोलेल त्याचंच ऐकतो (तो आपल्या सभेत बसून शिकला असावा). त्यामुळे अकरातली नऊ मिनिटं आकाशातून अध्यक्षच ऐकू येतात. त्यांना मात्र कुणीच ऐकू येत नाही, कारण पाठवायच्या यंत्रावर एवढी शक्ती लावली आणि ऐकायच्या बाजूला जुनी गंजकी वायर ठेवली. लोक त्यांना भोंगा म्हणतात. हसण्याचा अधिकार मलाही नाही. आचाऱ्याच्या पत्रानंतर पहिल्या दिवशी मी घरच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीखालून अँटेना फिरवत अकरा मिनिटं ओरडलो आणि जग एवढं शांत कसं याचं नवल करत राहिलो. हेडफोन चुकीच्या भोकात खुपसला होता. तुमच्या भाचेसुनेने खालून विचारलं की कुणाशी भांडताय. कुणाशीच नाही म्हटलं, आणि तेच खरं निघालं.

खरी गंमत मोर्सची आहे. तुमचा बोर्ड दर दोन मिनिटांनी आपलं म्हणून कडकट्ट कडकट्ट करतो. रेडिओ परवान्याच्या परीक्षेतून मोर्स काढून टाकल्यापासून आपल्या मंडळात ते कुणालाच येत नाही. सचिवबाईंनी (शाळेत विज्ञान शिकवतात, फळ्याला पाठ करायलाही घाबरतात) ही तापमानाची आकडेवारी आहे असं ठरवलं. लांब कडकट्ट म्हणजे गरम, आखूड म्हणजे थंड. त्यांनी आलेख काढले, बॅटरीची प्रकृती उत्तम असल्याचं सिद्ध केलं आणि त्यावर एक व्याख्यानही दिलं. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. मी मोर्स तुमच्या मांडीवर बसून शिकलोय, मामा. हेडफोन योग्य भोकात गेल्यावर पहिल्याच फेरीला मला अक्षरन् अक्षर कळलं होतं. तुम्ही आपली भाषा रोमन अक्षरांत घातली आहे: अध्यक्षांना ऐकू येत नाही.

तर पत्राचं कारण. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी मंडळाचा सत्कार आहे. नगरातले प्रतिष्ठित येणार, उपग्रह सहा वाजून दहा मिनिटांनी येणार, आणि ते कडकट्ट लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकवणार. प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्षांनी मोठ्या हौसेने बोटीवरच्या एका निवृत्त तारायंत्रवाल्याला बोलावलंय. त्या गृहस्थांनी तीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. ते ऐकतील आणि सवयीने मोठ्याने वाचतील. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे. या बोर्डला चार सूर ऐकवले की तो गप्प बसतो, असं तुम्ही एकदा बोलला होतात. कोणते चार, ते मी तेव्हा विचारलं नाही. तेवढे उलट टपाली कळवावेत ही विनंती. मामींना नमस्कार सांगा, तारांचं त्यांनी मनावर घेऊ नये.

तुमचा आज्ञाधारक (नऊपैकी एक),
भाचा

ता. क. तुमच्यापाशी खोटं टिकत नाही. मंडळाची अब्रू गेली तर दवाखान्याची बाहेरची खोली जरा मोकळी होईल, मला त्याचं सुतक नाही. बोर्डातलं वाक्य मी अर्धंच लिहिलं. पुढचं अर्धं असं आहे: भाच्याला ऐकू येत होतं, तरी त्याने हात वर केला. दर दोन मिनिटांनी, जगाला प्रदक्षिणा घालत. तो जहाजावरचा आचारी जुना तारवाला निघाला तर? चार सूर मला त्यासाठी हवेत.

ता. क. दोन. पाकीट बंद करण्याआधी पत्र तुमच्या भाचेसुनेला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "बोर्डातल्या वाक्यात खोटं काय आहे?" मी तासभर विचार केला, काही सापडलं नाही. तेव्हा सूर कळवू नका. पाहुण्यांनी वाचण्याआधी मी उभा राहून वाचेन, आणि बोर्ड कुणाचा तेही सांगेन. मामा, चुकलो. तुमचा आराखडा बरोबर होता, मला तो तेव्हाही कळला होता, आणि नऊजणांत बसायला मिळावं म्हणून मी तुम्हाला एकटं पाडलं.

ता. क. तीन. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या उपग्रहाची सभा आहे. ठरावात दोन कॅमेरे आहेत. मी हात खाली ठेवणार आहे, पण आठ हात वर असताना तो एक खाली धरून ठेवायला किती जोर लागतो हे तुमच्याशिवाय इथे कुणाला माहीत नाही. दाढेच्या चित्रासमोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. एकीवर मी बसतो. दुसरीवर येऊन बसाल का?