शिळी तारीख

१७ जुलै १९९९
पेणला कॉम्प्युटर क्लासवर पोचले तर सर दारातच. "अगं, तुझी दुरुस्ती घेतली त्यांनी!" प्रॉक्सी नावाच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत खाली माझं नाव. कोड सगळ्यांना खुला, फुकट. आता जगात कोणीही माझ्या ओळी चालवणार.
आमच्या सगळ्या कॉम्प्युटरना फोनलाइन एकच, म्हणून हा प्रॉक्सी. एकदा आणलेलं वेबचं पान ठेवून घेतो, पुढच्याने मागितलं की तेच देतो. पण चांगली ताजी पानंही फेकून देत होता. पान ताजं की शिळं, ते आता मी लिहिलंय तसं ठरतं.
हमरापूरची वैशाली आमच्या कॉम्प्युटरवर पुण्याच्या डिप्लोमाच्या प्रवेशाची तारीख बघून गेली. २८ ला हजर राहायचं. खूश होती.

२२ जुलै
रोह्याला माझ्या शाळेत सत्कार ठरलाय, १ ऑगस्टला. बाबांना प्रॉक्सी म्हणजे काय ते कळलेलं नाही, पण कंपनीत अख्ख्या शिफ्टला सांगून झालंय.
वैशालीने परत तारीख बघितली. २८ च. "कशाला सारखी बघतेस?" म्हटलं.

२९ जुलै
वाईट झालं.
वैशाली काल पुण्याला गेली, तर प्रवेश २३ लाच उरकलेले. तारीख अलीकडे आणली होती, म्हणे वेबवर टाकलं होतं. आज वडिलांना घेऊन क्लासवर आली. वामनकाका, गणपतीचे कारखानदार, हाताला रंग तसाच. "वाचता येत नाय का गो तुला? यासाठी शिकवली?" सगळ्यांसमोर. ती खाली बघत, "२८ च होतं ओ."
ते गेल्यावर पान उघडलं. आमच्याकडे अजून २८. सरांनी मुंबईच्या मित्राला फोन करून बघायला लावलं. तिकडे २३.
मधे लाइट गेली तेव्हा प्रॉक्सीच्या मशीनचं घड्याळ जानेवारीवर गेलंय, बॅटरी मेलेली. म्हणजे जुलैचं पान पुढच्या काळातलं. वय काढलं की उणे. आणि उणे वय म्हणजे अगदी ताजं, असं मी लिहून ठेवलंय. शिळं कधी होणारच नाही ते.
पोरीला बोलणी खाताना बघत उभी होते. तेव्हा कारण माहीत नव्हतं, पण "थांबा, मी बघते" एवढं तरी...

३० जुलै
दुरुस्ती दोन ओळींची. पान पुढच्या काळातलं निघालं तर नवीन आणायचं. लिहिली, चालली. पाठवली नाही. परवा सत्कार.
सर म्हणाले, "नंतर पाठव की." हेच ऐकायचं होतं मला.

१ ऑगस्ट
शाल, श्रीफळ. भेट द्यायची गणपतीची मूर्ती क्लासच्या सरांनी वामनकाकांकडूनच घेतलेली. ते स्वतः एसटीने घेऊन आले, मांडीवर धरून. स्टेजवर माझ्या हातात देत म्हणाले, "बाय, आमचे पोरीला पन थोडी अक्कल द्या."
लोक हसले. मीही हसले. हसले मी.
घरी जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, "दमलीस."

२ ऑगस्ट
दुरुस्ती पाठवली. चूक माझीच होती असं स्वच्छ लिहिलं. संध्याकाळी कोणाचंतरी उत्तर, आभार मानलेत. अनोळखी लोकांना इंग्रजीत सांगणं किती सोपं.
हमरापूर इथून किती लांब आहे असं!

४ ऑगस्ट
गेले. शेडमधे पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, वैशाली पितांबराचे काठ रंगवत होती. सांगितलं.
"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"
"हो."
ब्रश खाली ठेवला. "मग बाबांना सांगा. माझ्यासमोर."
वामनकाका ऐकून म्हणाले, "म्हंजे मशिनीची चूक." तिथे थांबता आलं असतं.
"नाही काका, माझी. आणि सत्काराच्या दिवशी मला माहीत होतं."
काका लेकीकडे वळले. खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत राहिले. वैशालीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा."
कॉलेजला पत्र लिहून देते म्हटलं. काका म्हणाले, "कागद नको. तुमी या."

६ ऑगस्ट
पुण्याला तिघं. खिडकीवर क्लार्क म्हणे, जागा भरल्या. माझी चूक आहे, मुलीची नाही, असं मोठ्यांदा सांगितलं. रांगेतले वळून बघायला लागले. आतून एक मॅडम आल्या. म्हणाल्या, एक मुलगा प्रवेश सोडेल असं वाटतं, नक्की नाही. प्राचार्य सोमवारी भेटतील.
येताना वैशाली वडिलांजवळ बसली. मी मागे. खोपोलीला गाडी थांबली तेव्हा वळून म्हणाली, "ती दुरुस्तीची ओळ मला दाखवाल? आधीची, चुकलेली पण." हो म्हटलं.
पेणला उतरताना काका म्हणाले, "सोमवारी पहिली गाडी." मला म्हणाले की पोरीला, कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.