लुबेगाची केळ

मसाका

लुबेगा, माझ्या पोरा,

तू फोनवर बागेचं विचारलंस, तेव्हा मी "झकास आहे" म्हणाले. दुबईत बसून तू काय करणार होतास? खरं म्हणजे सोंडकिड्यांनी केळीचे कंद आतून पोखरले होते. जरा वारा सुटला की घडासकट झाड आडवं व्हायचं. शेजारची न्नालोंगो म्हणाली, "उपटून जाळ बाई, नाहीतर माझीही बाग जाईल." मी सगळी झाडं काढली, एक सोडून. तू जन्मलास तेव्हा ज्याच्या मुळाशी तुझी वार पुरली, ते ठेवलं.

काल तेही पडलं. कंद चिरला, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी असा हंबरडा फोडला की आळीतल्या बायका धावत आल्या.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही. लुबेगाची केळ गेली."

वाटलं, आता हसतील. पण न्नालोंगोने चटई अंथरली. "आलोच आहोत तर बसतो. तू रड."

मयताच्या घरी बसतात तशा त्या संध्याकाळपर्यंत बसल्या. तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगत होत्या, गेलेल्या माणसाच्या सांगतात तशा. तू अपशकुन मानशील, म्हणून हे पत्र धाडणार नाही. मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण तू गेल्यापासून घरात इतकी माणसं आली नव्हती रे.

तुझी आई,
नाकिमेरा