आईची फरसबी

मेसा, ॲरिझोना
५ जुलै १९८३

ति. व्हर्लाताईस,
नेड्राचा सा. न. वि. वि.

आईच्या गॅरेजमध्ये पारा शेहेचाळिसावर गेलाय. तुझ्या आयडाहोसारखं तळघर इथे कुणाकडे असणार? वर्षभराचं अन्न घरात हवं ही आपल्या चर्चची रीत, म्हणून गहू, पीच, फरसबी सगळं तिथेच छतापर्यंत रचलेलं. काल फरसबीच्या दोन हवाबंद बरण्यांची झाकणं फुगलेली दिसली. आई म्हणते, चाळीस वर्षं भरतेय, अजून कुणी मेलं नाही. चोवीस जुलैच्या चर्चच्या जेवणाला तिनं फरसबी कबूल केलीय. शेजारच्या लवॉनबाई वीस वर्षं आईला टोमणे मारतात की ॲफ्टन, तुझं गॅरेज म्हणजे भट्टी. आता माघार घेणं आईला मरणाहून कठीण. आणि सगळं चर्च जेवणार आहे गं. मला तिच्यापुढे तोंड उघडायचा धीर होत नाही.

लोभ आहेच, उत्तर मात्र लगेच हवं.
तुझी, नेड्रा

रेक्सबर्ग, आयडाहो
११ जुलै

चि. नेड्रास अ. उ. आ.

पन्नाशी आली तरी आईपुढे भिजलेली मांजर. फुगलेल्या बरण्या उघडूसुद्धा नकोस. बाकीच्याही चाखू नकोस; हवाबंद भाजीत होणाऱ्या या विषाला वास नसतो, चव नसते. फरसबी सगळी टाकायची, गहू आणि पीच घरात गारव्याला न्यायचे. हे पत्रच तिला वाचून दाखव, शिव्या मला बसू देत.

माया आहे म्हणूनच दटावते.
व्हर्ला

मेसा
१९ जुलै

ति. ताईस सा. न.

पत्र वाचून दाखवलं. आई उठून गॅरेजमध्ये गेली. हातमोजे घातले आणि फरसबीची एकेक बरणी न उघडता पिशवीत बांधू लागली. त्र्याऐंशीव्या वर्षी, त्या उकाड्यात. मग ज्यांना ज्यांना बरण्या वाटल्या होत्या, त्या सगळ्यांना फोन लावले, की माझी फरसबी खाऊ नका, चूक माझी आहे. पहिला फोन लवॉनबाईंना. ताई, मी थक्क होऊन दारातच उभी राहिले. एवढं मोठं माणूस आपल्या घरात होतं आणि आपण तिला नुसती हट्टी म्हणत आलो.

पीच घरात मावले, गव्हाला जागा उरली नाही; तेव्हा तिनं लवॉनबाईंना पुन्हा फोन करून विचारलं, माझा गहू तुझ्या पलंगाखाली मावेल का? त्या म्हणाल्या, आण, वीस वर्षं ती जागा मी रिकामीच ठेवलीय.

अशीच दटावत राहा.
तुझी, नेड्रा