अर्धा धरलेला फायदा

रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नकोस. ऐकायचे नाहीत, तरी सांग.

मी बरी आहे. खोली लहान, पण उजेड भरपूर. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्यांना मी चेहऱ्याने ओळखते, मला कुणी नाही. स्वयंपाक एकटीचा, एका पातेल्यात होतो आणि त्यातच खाऊनही होतो. रागावू नकोस.

ऑफिसने पाठवलं ते नक्की काय शिकतेस, असं तू विचारलंस. सरकारने एखादा रस्ता किंवा दवाखाना बांधावा का, हे ठरवण्याआधी त्याचा खर्च आणि लोकांना होणारा फायदा समोरासमोर मांडून बघायचा. लोकांचा वाचलेला वेळही फायद्यात धरायचा, त्याचेही पैसे करायचे. वर्गात सगळी माझ्या निम्म्या वयाची. बांधकाम खात्यातली एक मुलगी मला मावशी म्हणते आणि माझीच गणितं उतरवून घेते.

गंमत ऐक. सरावासाठी माझ्या वाट्याला आला तो तुमचाच, तुमच्या गावाकडे यायला व्हायचा असलेला पूल. "पूल होऊ दे, मग बघ कशी दर रविवारी येते," असं गेलं वर्षभर मी तुला सांगते आहे ना, तोच.

परवा बोटीच्या धक्क्यावर उभी राहून लोकांना विचारत होते, पूल झाला तर आत्तापेक्षा किती जास्त वेळा पलीकडे जाल? एक शिंपी म्हणाला, "बाई, पलीकडे माझी सासुरवाडी. आत्ता बोट चुकली म्हणून सांगता येतं. पूल झाल्यावर काय सांगू? माझं मत विरोधात लिहा." मी पोट धरून हसले. मग बोट सुटली, तो गेला, आणि मी अलीकडेच उभी.

त्या माहितीवरून हिशेब मांडायला बसलो तेव्हा सर म्हणाले, जे आज जातात त्यांचा फायदा पूर्ण धरा. जे आज जात नाहीत, पूल झाल्यावर जाऊ लागतील, त्यांचा अर्धाच.

मी म्हटलं, "त्यांनी काय पाप केलंय?"

"पाप नाही हो. कुणाचं जाणं थोडक्यासाठी अडलेलं असतं, कुणी पूल होऊनही जेमतेम निघणार. म्हणून सरासरी अर्धा. आजचा त्रास सोसून जावं, इतकी ती भेट त्यांना मोलाची नाही, एवढंच. असती तर गेले असते."

"आणि त्रास वाटेत नसेल, पोचल्यावर असेल तर?"

"मावशींचीही सासूच दिसते तिकडे," ती मुलगी म्हणाली. वर्ग हसला. सर मात्र म्हणाले, "मग तो पुलाने कमी होणार नाही. त्या माणसाला धरूच नका."

ताई, दोन्ही पत्रांतल्या तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मी अजून टाळते आहे. ह्यांचा स्वेटर तुझ्याकडे खुंटीवर राहिलाय, पाठवू का, म्हणून विचारलंस. शेवटच्या खेपेला विसरले होते तो.

ते गेले तेव्हा तू आलीस, मी धड रडलेही नाही. सगळे म्हणाले, किती धीराची. इथे कुणाला काही माहीत नाही गं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" तोंडून निघून गेलं, "बाहेरगावी." आता दर रविवारी विचारतात, "याही वेळी आले नाहीत?" मी म्हणते, काम फार आहे. इथे ते कामात आहेत. तुझ्या घरात पाऊल टाकलं, ती खुंटी दिसली, तू मला जवळ घेतलंस, की मग ते नसतील. बोट लांबची वाटत होती ती त्यामुळे.

पूल हिशेबात बसतोय. होईल कधीतरी. त्यात मी स्वतःला धरलेलं नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या बोटीने निघते. धक्क्यावर येऊ नकोस, भावोजींना तर मुळीच पाठवू नकोस. फक्त दार लोटून ठेव. स्वेटर पाठवू नकोस, धुऊही नकोस. आहे तिथेच असू दे. मी येऊन काढते.

तुझी, बोटीने येणारी,
धाकटी