चेंडू सोडून बाकी सगळं

ड्यूजबरी, २८ फेब्रुवारी २००६

ती. जयंतमामांस,
यतीनचा शि. सा. न.

पत्र महिनाभर टाळलं, कबूल. फोनवर तुम्ही बोलणंच सोडलंत, मग बसलो लिहायला.

टीव्हीवर दर आठवड्याला रग्बी लीगचा कार्यक्रम लागतो, त्यात मी कॅमेरा धरतो. बसमध्ये इथे एक माणूस मांडीवर कोंबडी घेऊन बसतो, पण ते राहू दे. परवा एका छोट्या क्लबची मॅच होती. शेवटच्या मिनिटाला ते जिंकले, आणि जिंकले तोच क्षण आमच्या टेपवर नाही! मी मॉरीनला टिपत होतो ना. मॉरीन म्हणजे क्लबच्या जर्सी धुणारी सत्तरीची बाई. फाटलेली जर्सी खेळाडूच्या अंगावरच शिवत होती. तो हलला की डोक्यात टपली.

प्रोड्युसर शीला जाम भडकली. पण दाखवायला दुसरं काही नाही, म्हणून येत्या रविवारच्या कार्यक्रमात मॉरीनच दिसेल. मामींनाही दाखवा.

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमचा यतीन


हाउन्सलो, ७ मार्च २००६

चि. यतीन यास,
अनेक आशीर्वाद.

पाहिला तुझा पराक्रम. एवढी धिप्पाड माणसं चिखलात एकमेकांवर पडतायत आणि तू शिवणकाम दाखवतोस! कॉलेज अर्धवट, हॉटेलातलं काम अर्धवट, आता हे. पुण्यात ताईला मी काय सांगू? एअरपोर्टच्या कार्गोमधली नोकरी माझ्या शब्दावर सोमवार, २० तारखेपर्यंत थांबली आहे. येणार नसशील तर घराची किल्ली परत पाठव. हा हट्टीपणा तू आमच्या घरात शिकलेला नाहीस.

तुझ्या मामीने कार्यक्रम टेप करून दोनदा पाहिला. म्हणाली, त्या बाईचा टाका चुकतोय, जर्सी पुन्हा तिथेच उसवणार. तीस वर्षं लोकांचे कपडे ऑल्टर करतेय, तिला दुसरं काय दिसणार!

स्वेटर घालत जा. उत्तराची नाही, तुझी वाट पाहतो.
जयंतमामा


ड्यूजबरी, रविवार, १९ मार्च २००६

ती. मामांस,
शि. सा. न.

किल्ली याच पाकिटात घालतोय. उद्या मी येणार नाही.

या खेळात सहा वेळा आडवं पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. तोवर उठायचं आणि पुढे पळायचं. तुम्ही मला पाडलंत त्यातलं हे चौथं. मोजलंय मी.

मॉरीनला पाहून लोकांचे इतके फोन आले, की आता दर आठवड्याला चार मिनिटं माझी. बाकी वेळ कॅमेरा चेंडूवर, नाहीतर चालता हो, असं शीलाने बजावलंय. आणि मामींचं खरं झालं, जर्सी तिथेच उसवली. मॉरीन म्हणाली, येऊन दाखवा म्हणावं. मी म्हटलं, आमच्या मामी हाउन्सलोबाहेर एकट्या जात नाहीत.

तुम्ही रागावून दार लावलंत, तरी खिडकीतून लोभ ठेवा.
यतीन

ता. क. मामा, मॅच सुरू व्हायची होती, मैदानाच्या फाटकाशी टॅक्सी थांबली आणि मामी उतरल्या! एकट्या. हातात सुयांचा डबा. तुम्हाला म्हणे वॉटफर्डला बारशाला जाते असं सांगून निघाल्यात. मला पाहून नुसती मान हलवली आणि आधी मॉरीन कुठेय ते विचारलं. मग माझ्याकडचं, अजून पोस्टात न टाकलेलं हे पाकीट उघडून किल्ली काढली, माझ्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, मामाला लिही, घर माझंही आहे.