लाल रीळ, हिरवं रीळ

अब्बा, तुमच्या शिलाई मशीनच्या खणातली दोन गडद रिळं मी तुमच्या नातवापुढे ठेवली. लाल कुठलं, विचारलं, तर तो पुन्हा पुन्हा हिरवंच उचलायचा. घरात त्याच्या सुंतेची तारीख ठरलेली, लातूरभर दावतीची बोलावणी गेलेली, आणि मला मुदखेडच्या दुकानात बसलेले तुम्ही दिसायला लागलात.

तिथं तुमच्या पायाशी बसून दोऱ्याचा रंग सांगायचं काम माझं. लाल-हिरव्यात तुमची गल्लत व्हायची, म्हणून तर रेल्वेनं डोळ्यांच्या तपासणीत घरी पाठवलं आणि तुम्ही शिंपी झालात. कात्री लागली की तुम्ही बोटाला चिंधी बांधून कामाला बसायचात, आणि चिंधी भिजतच राहायची. माझ्यावर एकदाच ओरडलात, मी कात्री उचलली तेव्हा. "कैंची कू हात नक्को लगा. तेरे में मेरा खून है." पुढे एक दाढ काढायचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. रक्त थांबत नाही का, एवढं त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

डोळे तुमचे, तर रक्तही तुमचंच असेल, ही भीती मी बोलून दाखवली. सासूबाईंना हा माझा वहम वाटला. डोळ्यांचा आणि रक्ताचा काय संबंध, म्हणाल्या. मी तेच डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"संबंध नाही, शेजार आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही दोष अंगातल्या एकाच दोऱ्यावर जवळजवळ असतात. बापाकडून लेकीला, लेकीकडून तिच्या मुलाला बहुतेक जोडीनंच जातात. क्वचित लेकीच्या अंगात तो दोरा मधेच तुटून तिच्या दुसऱ्या दोऱ्याला जुळतो, मग मुलाकडे एकच जातो. रक्त तपासल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका."

तारीख मीच मोडली. रिपोर्ट येईपर्यंत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, हे दोघींच्या मधे जेवत बसायचे, आणि पोरगं पळताना अडखळलं तरी माझा जीव वरखाली व्हायचा. तुमचं रक्त त्याच्यात आलेलं नाही, अब्बा. दोरा माझ्यातच कधीतरी तुटला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

आज सकाळी सुंता झाली. पट्टी कोरडी आहे, तरी मी उठून उठून बघून राहिलेय. हे पत्र कुठं जायचं नाही, त्याच खणात रिळांखाली ठेवते. शाळेत त्यानं झाडाला लाल पानं रंगवली म्हणून घरात सगळ्यांना वाईट वाटतं. मीही मान हलवते. पण त्याचे डोळे तुमचे निघाले, याचा मला आनंद झालाय.