माग थांबल्यावर

नायना, तुम्ही ज्या वयात गेलात ते वय यंदा मी ओलांडलं. तुमची लेक म्हणून मला तुमचं नाक मिळालं, आवाज मिळाला आणि रक्तदाबही मिळाला. त्यामुळे आपणही याच वयात जाणार, असं मी धरूनच चालले होते. वडिलांना लिहायचं तर खरं आपल्या तेलुगूत लिहायला हवं, पण मला मराठी शाळेत घातलंत तुम्हीच.

शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं आपलं घर आठवतं. पुढच्या खोलीत विजेवरचे माग, आत स्वयंपाक. दुपारी जेवून तुम्ही मागांच्या शेजारीच चटईवर आडवे होता आणि त्या खडखडाटात गाढ झोपता. पण एक माग थांबू दे, ताडकन उठून बसता. "दारम तेगिंदी," म्हणता, धागा तुटला. तुमचा अंदाज कधी चुकला नाही. शांत झालं म्हणजे काहीतरी बिघडलं, हे मी चालायच्या आधी शिकले असेन. सुट्टीच्या दिवशी सगळेच माग बंद, मग तुम्ही घरभर येरझारा घालायचात, भाजीत मीठ कमी म्हणून ओरडायचात. अशाच एका सुट्टीला बसल्या जागी गेलात.

पुढे माझाही रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली, आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी गच्चीवर बोलावलं. त्या ची-गोंग शिकवतात. चिनी लोकांची श्वासाची, सावकाश हालचालींची साधना आहे ती. मला आधी ते चायनीजच्या गाडीवरचं काहीतरी वाटलं. घागर कवेत धरल्यासारखे हात करून नुसतं उभं राहायचं, एवढंच. तेच मला जमेना. जरा शांत झालं की छातीत धस्स व्हायचं आणि मी खाली पळायचे, गॅस बघायला, नळ बघायला. एकदा बाईंनी जिन्यातच अडवलं. काय बघायला निघालीस, विचारलं. काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं, म्हटलं. बाई मूळच्या वळसंगच्या, बोली अजून गावाकडचीच. म्हणाल्या, "बंद पडलं तर पडू दे की. तू काय तितं कामाला हायस?"

मला आधी राग आला, मग हसू. त्याला आता बरीच वर्षं झाली. गोळी सुटलेली नाही, पण वाढलेलीही नाही. झोप लागते. भाजीत मीठ कमी असलं तर वरून घेते आणि जेवते. माझी लेक म्हणते, आई, आता तुझा फोन कानापासून लांब धरावा लागत नाही.

परवा सकाळी मी गच्चीवर उभी असताना वीज गेली. समोरच्या कारखान्यातले सगळे माग एकदम थांबले. माझे हात होते तसेच राहिले, श्वासही संथ चालू राहिला. इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. तुम्हालाही कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, पडू दे बंद म्हणून. पण म्हणणार कोण? घरात सगळेच कान लावून बसलेले.

हे पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवते, टाकायला पत्ता कुठं आहे? एक मात्र सांगते. साधना संपल्यावर मी कठड्यावरून वाकून बघितलंच, समोरचे माग सुरू झाले का ते.